टी२ ला उतरायचं आणि नवी मुंबईहून उडायचं: मुंबईच्या दोन एअरपोर्टमधला प्रवास कसा जमवायचा

मी नेरूळला राहतो, त्यामुळे आमच्या अख्ख्या खानदानाचा बिनपगारी ट्रान्सपोर्ट मॅनेजर मीच. पूर्वी काम सोपं होतं, कुणी येणार असलं की एकच प्रश्न विचारायचा, टी१ का टी२, म्हणजे जुन्या एअरपोर्टचं टर्मिनल १ का टर्मिनल २. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई एअरपोर्टवरून विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून "मुंबईला उतरतोय" एवढ्याने काहीच कळत नाही. त्यात आता नवीन प्रकार सुरू झालाय, लोक बाहेरच्या देशातून टी२ ला उतरतात आणि पुढचं नागपूर नाहीतर हैदराबादचं स्वस्त तिकीट नवी मुंबईहून काढून ठेवतात, किंवा त्याच्या उलटं. कागदावर मस्त दिसतं, चार तासांचा गॅप. त्या चार तासांत मध्ये अख्खी मुंबई पार करायची आहे, खाडीसकट, हे तिकीट काढताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

तर हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी फोन आला की लिंक पाठवून मोकळा.

सगळ्यात आधी तिकिटावरचा कोड बघा

जुना एअरपोर्ट, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याचा कोड बीओएम. नवी मुंबईचा एनएमआय. बुकिंगच्या साईटवर नुसतं "मुंबई" टाकलं की बऱ्याचदा दोन्हीकडच्या फ्लाईट एकाच यादीत येतात आणि आपण भाव बघून क्लिक करतो. माझ्या आतेबहिणीने हेच केलं होतं. नागपूरची संध्याकाळची फ्लाईट, बाई दुपारी चार वाजता टी२ च्या गेटवर तिकीट दाखवतायत, आणि सीआयएसएफचा जवान शांतपणे म्हणतोय, "मॅडम, ये तो नवी मुंबई का है." विमान सहा चाळीसचं होतं. पुढे काय झालं ते खाली येईलच.

कोडनंतर टर्मिनल बघा. नवी मुंबईत सध्या एकच टर्मिनल आहे त्यामुळे तिथे डोक्याला ताप नाही. जुन्या एअरपोर्टला मात्र टी१ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला आणि टी२ अंधेरीच्या सहार बाजूला, दोघांमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर आहेत आणि ते चार-पाच किलोमीटर संध्याकाळी अर्धा तास खातात. सगळ्या इंटरनॅशनल फ्लाईट टी२ ला, डोमेस्टिक दोन्हीकडे वाटलेल्या, आणि एकाच कंपनीच्या काही फ्लाईट टी१ ला तर काही टी२ ला असंही असतं. म्हणून कंपनीवरून अंदाज बांधू नका, तिकीट बघा, आणि निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा बघा कारण टर्मिनल बदलल्याचा मेसेज येतो तो आपण जाहिरात समजून वाचतच नाही.

एकच पीएनआर (बुकिंगचा नंबर) आहे का दोन वेगळी तिकिटं

पुढचं सगळं गणित यावर आहे. दोन्ही फ्लाईट एकाच बुकिंगमध्ये असतील तर पहिली लेट झाल्यावर पुढची सोय करणं ही विमान कंपनीची जबाबदारी येते. दोन वेगळी तिकिटं असतील, मग ती एकाच साईटवरून एकाच वेळी काढलेली का असेनात, तर पहिली कंपनी म्हणते आम्ही तुम्हाला मुंबईला सोडलं, दुसरी म्हणते तुम्ही आलाच नाहीत, आणि दोघीही बरोबर असतात. साईटवर कुठेतरी बारीक अक्षरात "सेल्फ ट्रान्सफर" असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की सगळी धावपळ आणि सगळी जोखीम आपली.

आणि सामान. एअरपोर्ट बदलतोय म्हटल्यावर बॅगा आपोआप तिकडे जाणार नाहीत. पहिल्या एअरपोर्टला बेल्टवरून घ्यायच्या, दुसऱ्याला परत चेक-इन करायच्या. बाहेरून येत असाल तर इमिग्रेशन आणि कस्टम टी२ लाच होणार. म्हणजे तुम्ही पूर्णपणे भारतात येऊन मग पुढे जाताय, ट्रान्झिट वगैरे काही नाही. घरात मुलांचे पासपोर्ट अमेरिकेचे नाहीतर ब्रिटनचे असतील तर त्यांची ओसीआय कार्डं (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतात ती) किंवा ई-व्हिसा लागणारच. तुम्ही म्हणाल हे काय सांगायला पाहिजे, पण ओसीआय कार्ड न्यू जर्सीच्या कपाटात ठेवून निघालेलं कुटुंब मी ओळखतो.

वजनाचा घोळ, जो सगळ्यांना काउंटरवर कळतो

बाहेरून येताना प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा असतात. पुढच्या डोमेस्टिक तिकिटावर इकॉनॉमीत साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. वेगळं तिकीट असेल तर त्या कंपनीला तुम्ही अमेरिकेहून आलात का अमरावतीहून याच्याशी देणंघेणं नाही. उरलेल्या ३१ किलोचे पैसे काउंटरवर किलोच्या भावाने घेतात आणि तिथे मग ते स्वस्त तिकीट चांगलंच महाग पडतं. जादा वजन आधीच ऑनलाईन घेतलं तर कमी पडतं, तेव्हा तिकीट काढतानाच हे पैसे धरून मग भावाची तुलना करा. माझ्या बघण्यात बऱ्याच वेळा टी२ वरून जाणारी, दोन हजाराने महाग दिसणारी फ्लाईट शेवटी स्वस्त पडलीय, कारण टॅक्सीचे पैसे आणि वजनाचे पैसे हे दोन्ही कुणी मोजलेलेच नसतात.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती हातातच. इकडे उतरल्यावर बॅगांची उलथापालथ करताना लोक नेमकी ती मोठ्या बॅगेत कोंबतात आणि मग दुसऱ्या एअरपोर्टला नाव पुकारतात. टी२ ला ड्युटी फ्रीमधून बाटल्या घेतल्या असतील तर त्याही टॅक्सीत बसायच्या आधीच नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, नवी मुंबईच्या काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून बसायला लागू नये.

किती तासांचा गॅप ठेवायचा

इथे सगळे चुकतात कारण सगळे विमान उडायच्या वेळेपासून मोजतात. मोजायचं ते काउंटर बंद व्हायच्या वेळेपासून. डोमेस्टिकला बॅग असेल तर काउंटर साधारण उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतं, इंटरनॅशनलला काही कंपन्या ७५ मिनिटं धरतात. त्यानंतर तुम्ही पोचलात तर विमान समोर उभं असलं तरी तुमच्यासाठी गेलेलं आहे.

उदाहरण घेऊ. दुबईहून सकाळी १०:३० ला टी२ ला विमान टेकतं. टेकल्यापासून दार उघडून बाहेर यायला वीस मिनिटं. टी२ मध्ये चालणं भरपूर आहे, इमिग्रेशनपर्यंत पोचून शिक्का मिळेपर्यंत ११:३० धरा, एका वेळी तीन-चार मोठी विमानं आली तर त्याहून जास्त. बॅगा येईपर्यंत १२. कस्टम, बाथरूम, सिम, पैसे, कुणीतरी ड्युटी फ्रीत रेंगाळणार, १२:३०. टॅक्सी मिळून निघेपर्यंत १२:४५. रस्त्याला दुपारी दीड तास, नशीब बरं नसेल तर दोन. म्हणजे पावणेतीन. एअरपोर्टच्या दारावरची रांग आणि काउंटरपर्यंत पोचणं, सव्वातीन. आता यात पहिलं विमान एक तास लेट आलं असं धरा, सव्वाचार. काउंटर त्याच्या आत बंद व्हायला नको, म्हणजे पुढची फ्लाईट सव्वापाचच्या आधीची नको. पावणेसात तास झाले, आणि यात मी काहीही विशेष वाईट घडलेलं धरलेलं नाहीये.

म्हणून माझा घरगुती नियम: बाहेरून येऊन डोमेस्टिक पकडायचं असेल तर साडेसहा-सात तास. डोमेस्टिक ते डोमेस्टिक पाच तास, हातात फक्त केबिन बॅग असेल आणि दुपारची वेळ असेल तर चार. आणि डोमेस्टिकने नवी मुंबईला उतरून टी२ वरून परदेशी जायचं असेल तर आठ. हो, आठ. कारण नागपूरची फ्लाईट चुकली तर पाच-सात हजार जातात, लंडन-न्यूयॉर्कची चुकली तर लाखाच्या घरात फटका, वर परतीचं तिकीट पण त्याच बुकिंगमध्ये असतं, आणि जातानाचा पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे रद्द होऊ शकतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली किंवा उत्तरेकडून सकाळच्या विमानाने येत असाल तर धुक्यामुळे हे आठही कमी पडतात, सरळ आदल्या दिवशी या. कामोठे, खारघर, पनवेल, नेरूळ, कुणाचा ना कुणाचा नातेवाईक असतोच.

नियमित बाहेर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट खरंच कामाची आहे, फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, म्हणजे एफटीआय-टीटीपी. भारतीय पासपोर्ट आणि ओसीआयवाल्यांसाठी आहे, मुंबईला जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, नोंदणी ऑनलाईन आणि बोटांचे ठसे एकदा द्यायचे, मग ई-गेटने बाहेर. भारतीयांना पैसे पडत नाहीत. रांगेतला अर्धा-पाऊण तास वाचला तर या सगळ्या गणितात तो सोन्यासारखा आहे.

रस्ता

सहारहून उलव्यापर्यंत, म्हणजे टी२ हून नवी मुंबई एअरपोर्टपर्यंत, सुमारे ३५ किलोमीटर. नेहमीचा मार्ग असा: सहार एलिव्हेटेड रोडने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, तिथून सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, अमर महाल, छेडानगर, मानखुर्द, वाशीचा खाडी पूल, आणि मग पाम बीच रोडने किंवा सायन-पनवेल हायवेने बेलापूरकडे, पुढे आम्र मार्ग आणि एअरपोर्ट. वाशी टोलनाक्यावर कारला आता टोल नाही, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही एन्ट्री पॉइंटवर हलक्या वाहनांना माफ आहे. तेव्हा ड्रायव्हर "वाशी टोल द्यावा लागेल साहेब" म्हणाला तर हसून सोडून द्या.

कुठे अडकतं? अमर महाल ते मानखुर्द. वाशीचा नवा पूल झाल्यापासून खाडीवर पूर्वीइतका वैताग नाही, पण पुलापर्यंत पोचायचीच मारामारी. आणि दिशा लक्षात ठेवा, सकाळी आठ ते अकरा लोंढा नवी मुंबईकडून मुंबईकडे असतो, संध्याकाळी पाच ते नऊ मुंबईकडून नवी मुंबईकडे. म्हणजे संध्याकाळी टी२ हून नवी मुंबईला जाणारा माणूस घरी परतणाऱ्या सगळ्या चाकरमान्यांसोबत जातोय. उलट्या दिशेने, नवी मुंबईला संध्याकाळी उतरून रात्रीच्या इंटरनॅशनलसाठी टी२ ला जाताना, खाडीपर्यंत सुळकन येता, मग लिंक रोड आणि हायवेला लागल्यावर काय ते कळतं.

अटल सेतूचं काय, असं सगळे विचारतात. पूल सुंदर आहे, २१.८ किलोमीटर, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, कारला वेग १०० ची मर्यादा. पण तो सुरू होतो शिवडीला. दादर, परळ, फोर्टातून नवी मुंबई एअरपोर्टला जायला त्याच्यासारखा रस्ता नाही. टी२ हून मात्र आधी शिवडीपर्यंत खाली यायचं, ते अंतरच पंधरा किलोमीटरच्या वर, मग पूल, म्हणजे एकूण पल्ला चांगलाच वाढतो आणि टोल वेगळा, सुरू झाला तेव्हा कारला एका बाजूचे २५० रुपये होते. मानखुर्दकडे मॅप पूर्ण लाल असेल तरच मी त्या बाजूने जातो. गेलात तर पुलावरून उलव्याच्या शिवाजीनगरच्या एक्झिटला उतरायचं, तो चुकला की पुढे थेट चिर्ल्याला, आणि घाईच्या वेळी चिर्ल्याहून वळून येणं म्हणजे ड्रायव्हरशी नातं कायमचं संपतं. दुचाकी आणि रिक्षाला सेतूवर बंदी आहे.

कॅबबद्दल. परदेशातून येणाऱ्यांचा खरा प्रॉब्लेम हा की भारतातलं सिम चालू नसतं, ओटीपी येत नाही, यूपीआय नाही, ॲपमध्ये परदेशी कार्ड अडकतं. म्हणून हातात थोडी रोख ठेवा आणि सरळ प्रीपेड टॅक्सीच्या काउंटरला जा, किंवा घरच्या कुणाला तरी त्यांच्या फोनवरून कॅब बुक करायला सांगा आणि गाडीचा नंबर व्हॉट्सॲपवर मागवा. ॲपची गाडी टी२ ला अरायव्हलच्या दारात येत नाही, पार्किंग इमारतीतल्या पिकअपच्या जागी जावं लागतं, ट्रॉली घेऊन तिथे पोचायला दहा मिनिटं धरा. ड्रायव्हरला "एअरपोर्ट" एवढंच सांगू नका, त्याच्या दृष्टीने तुम्ही एअरपोर्टलाच उभे आहात. "नवी मुंबई एअरपोर्ट, उलवे" असं म्हणा आणि ॲपमध्ये पिन कुठे पडलीय ते डोळ्याने बघा. आणि गाडीत बसायच्या आधी बाथरूमला जाऊन या, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर विशेष. मानखुर्दच्या ट्रॅफिकमध्ये सोय होत नाही.

लोकल आणि मेट्रो: जमतं, पण कुणाला

एक सॅक किंवा एक छोटी ट्रॉली असेल, अंगात दम असेल, तर ट्रेनने जाणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे कारण ट्रेनला सिग्नलवरचा ट्रॅफिक नसतो. दोन मोठ्या बॅगा असतील तर हा भाग सोडून पुढे वाचा.

टी२ च्या जवळच मेट्रो ३ चं स्टेशन आहे, टी१ ला वेगळं. इथून दोन मार्ग. पहिला, एक स्टेशन मरोळ नाका, तिथे मेट्रो १ बदलून घाटकोपर, घाटकोपरहून स्लो लोकलने कुर्ला, कुर्ल्याला हार्बर लाईन पकडून नेरूळ, सीवूड्स किंवा बेलापूर. नकाशावर हाच जवळचा दिसतो. पण तीन वेळा गाडी बदलायची, आणि कुर्ल्याला संध्याकाळी पनवेल लोकलमध्ये बॅग घेऊन चढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

दुसरा मला जास्त आवडतो. मेट्रो ३ ने थेट सीएसएमटी. ही लाईन ऑक्टोबर २०२५ ला कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, एसी आहे, जमिनीखालून जाते, पाऊण तासाच्या आत पोचता. सीएसएमटीला वर येऊन हार्बरची पनवेल किंवा बेलापूर लोकल सुरुवातीच्या स्टेशनलाच पकडायची, म्हणजे बसायला जागा आणि बॅग वर रॅकवर. उलटं दक्षिणेला जाऊन परत फिरल्यासारखं वाटतं खरं, वेळही थोडा जास्त लागतो, नेरूळपर्यंत तासभर आणखी. पण एकदाच बदलायचं आणि बसून जायचं. सकाळी अकरा ते दुपारी चार यात तर मी डोळे झाकून हेच सांगेन.

एअरपोर्टच्या सगळ्यात जवळचं स्टेशन तारघर, ते नेरूळ-बेलापूर-उरण लाईनवर आहे. या लाईनवर गाड्या विरळ आहेत, मेन हार्बरसारखं एक गेली की दुसरी असं होत नाही. टाइमटेबल आधी बघून ठेवा आणि जुळत नसेल तर प्लॅटफॉर्मवर वाट बघत बसू नका, सीवूड्स किंवा बेलापूरला उतरून कॅब करा, तिथून अंतर थोडंच राहतं.

रविवारी मात्र सावध. हार्बरला मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार-पाच, कधी कुर्ला-वाशी बंद, कधी सीएसएमटी-चुनाभट्टी. शनिवारीच बातमी येते, बघून घ्यायची. बरं, रविवारी रस्ते मोकळे असतात, तेव्हा त्या दिवशी टॅक्सीच बरी.

पावसाळा आणि सणवार

जुलै-ऑगस्टमध्ये दोन वेगळ्या एअरपोर्टचं एकाच दिवसाचं कनेक्शन घेऊच नका, माझं स्पष्ट मत आहे. पाऊस जोरात लागला आणि भरती आली की कुर्ला, चुनाभट्टी, सायन पाण्यात, हार्बर ठप्प, अंधेरी सबवे बंद, आणि त्याच वेळी विमानं पण आकाशात घिरट्या घालतायत. पहिलं विमान अहमदाबादला वळवलं तर तुमचा सगळा प्लॅनच गेला. गणपतीत विसर्जनाचे दिवस, विशेषतः अनंत चतुर्दशी, आणि दहीहंडी, या दिवशी दुपारनंतर मुंबईत गाडीने आडवं जायचा विचार करू नये.

आई-वडील एकटे येत असतील तर

व्हीलचेअर दोन्ही कंपन्यांकडे वेगवेगळी सांगावी लागते. पहिल्या कंपनीचा माणूस तुम्हाला टी२ च्या बाहेर गाडीपर्यंत सोडतो आणि तिथे त्याचं काम संपतं, नवी मुंबईच्या दारात दुसऱ्या कंपनीचा माणूस मिळेपर्यंत मधलं सगळं त्यांचं त्यांना. भाषा, मोबाईल, चार बॅगा, गुडघे. सत्तरीच्या माणसाला एकट्याने हे करायला लावू नका. कुणीतरी टी२ ला घ्यायला जाऊन दुसऱ्या एअरपोर्टच्या दारापर्यंत पोचवायलाच हवं, आणि तसं कुणी नसेल तर दोन हजार जास्त देऊन त्याच एअरपोर्टवरून पुढची फ्लाईट घ्या. माझ्या मावशीला तिच्या मुलाने मस्कतहून असंच पाठवलं होतं, पैसे वाचवले बावीसशे. मी ऑफिसमधून हाफ डे टाकून गेलो. मावशीने गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "अरे, मग पहिल्याच ठिकाणाहून विमान का नाही धरलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चुकणार असं दिसलं तर

आधी फोन काढा. काउंटर बंद व्हायच्या आत कंपनीला कळवून फ्लाईट बदलली तर बदलायची फी आणि भाड्यातला फरक एवढ्यावर भागू शकतं. न कळवता चुकली तर नो-शो, बहुतेक तिकिटात मूळ भाडं बुडतं. तरी टॅक्स आणि एअरपोर्ट फी परत मिळतात, विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं डीजीसीए, त्याचा तसा नियम आहे, पण मागावे लागतात.

दुसरं, अजून टी२ मध्येच असाल आणि वेळ जुळत नाहीये असं दिसलं तर नवी मुंबईला धावत सुटायच्या आधी बघा की त्याच कंपनीची त्याच गावाला जुन्या एअरपोर्टवरून फ्लाईट आहे का. पैसे भरून त्यावर बदलून मिळाली तर टॅक्सीचे पैसे वाचतात आणि जीवही. आतेबहिणीचं हेच झालं. साडेचारला ती रडवेली होऊन फोन करत होती, मी म्हटलं सहार ते उलवे संध्याकाळी पाचला निघून पाच चाळीसच्या आत काउंटर गाठणं हेलिकॉप्टरनेही अवघड आहे, तू तिथेच थांब. फी आणि फरक मिळून तीन हजारांच्या आसपास गेले, रात्रीच्या फ्लाईटने टी२ हूनच नागपूरला गेली, मधल्या वेळात तिथला महाग वडापाव खाऊन मला फोटो पाठवला.

तिसरं, जायचं कुठे आहे ते बघा. पुणं असेल तर दुसरं विमान हवंच कशाला, टी२ हून थेट बस-टॅक्सी मिळतात, नवी मुंबईहून तर एक्स्प्रेसवे कळंबोलीला हाकेच्या अंतरावर. नाशिकलाही रस्ताच बरा.

गोवा आणि बाहेरची शहरं, थोडक्यात

गोव्याला हाच गोंधळ २०२३ पासून चालू आहे. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. एक वास्कोजवळ, दुसरा पेडण्यात, सावंतवाडीवाल्यांना मोपा उशाशी आणि मडगाववाल्यांना लांब. दोघांमध्ये अख्खा उत्तर गोवा आणि झुआरीचा पूल. तिथे एकातून दुसऱ्यात कनेक्शन कुणी मुद्दाम घेत नाही, पण येताना मोपा आणि जाताना दाबोळी असं तिकीट काढून भाड्याची गाडी चुकीच्या ठिकाणी परत करायला निघालेले बरेच बघितलेत.

लंडनला हिथ्रो-गॅटविक असं जोडून तिकीट आलं तर रस्त्याच्या आधी व्हिसा बघा. एअरपोर्ट बदलायचा म्हणजे ब्रिटनमध्ये बाहेर यावं लागतं, आणि भारतीय पासपोर्टवर त्याला ट्रान्झिटचा व्हिजिटर व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा वगैरेंचा चालू व्हिसा असेल तर काही अटींवर सूट आहे, पण ती तिकीट काढायच्या आधी ब्रिटिश सरकारच्या साईटवर आपल्या प्रवासाला लागू पडते का ते तपासा, नाहीतर इथे चेक-इनलाच थांबवतात. दोन्हीमध्ये थेट कोच आहे, एम२५ हायवेवरून जातो. ट्रेनने एलिझाबेथ लाईनने फॅरिंग्डन आणि तिथून थेम्सलिंकने गॅटविक, एकच बदल. न्यूयॉर्कला जेएफके-न्यूअर्क असेल तर अमेरिकेचा व्हिसा लागणारच, तिथे एअरपोर्ट न बदलतासुद्धा लागतो. इस्तंबूलचे दोन तर एक युरोपात आणि एक आशियात, मध्ये बॉस्फरस.

मुंबईच्या दोन एअरपोर्टना थेट जोडणारी मेट्रो ८ यायची आहे. ती येईपर्यंत मी नेरूळलाच आहे, पण फोन निदान आदल्या दिवशी करा, आणि आधी तिकिटाचा फोटो पाठवा, कोड दिसेल असा.